पिशवीखालचं पान

प्राचार्यांच्या हातून माइक एकदाचा सुटला आणि ग्रंथपालबाईंनी आपल्या आईला धरून मंचावर आणलं. वाचनालयाची सगळ्यांत जुनी वाचक म्हणून पडद्यावर पहिलं पान उघडायचा मान तिचा होता. मान कसला, हट्टच. "माझं पान दाखवणार असाल तरच येते," असं तिनं सकाळी केस विंचरताना बजावलं होतं.

वाचनालय, कॉलेज आणि वर्तमानपत्राची कचेरी. एरवी एकमेकांच्या दारात न फिरकणाऱ्या या तिघांना ग्रंथपालबाईंनी हातापाया पडून एकत्र आणलं होतं. तिघांकडेही त्याच वर्तमानपत्राचे जुने बांधीव खंड, आणि तिघांकडेही जागेची बोंब. ठरलं ते असं, की प्रत्येक तारखेची सगळ्यांत चांगली प्रत स्कॅन करून जपायची, बाकीच्या रद्दीत. लोकांनी वाचवाचून वाचनालयाच्या प्रतींच्या चिंध्या केल्या होत्या. कचेरीचा संच मात्र कोरा करकरीत, कुणी उघडलेलाच नसावा असा. निवड करायला फार डोकं लागलं नाही.

आईचं पान म्हणजे गिरणीला आग लागली त्याच्या दुसऱ्या सकाळच्या अंकाचं शेवटचं पान. ऐनवेळी आलेली बातमी तिथं कशीबशी कोंबलेली होती. 'बॉयलरवरचा कामगार सुखरूप बाहेर आला होता, पण अडकलेल्या सोबत्यांसाठी तो पुन्हा आत गेला.' तो कामगार म्हणजे ग्रंथपालबाईंचे वडील. गल्लीत कुणी 'पळपुट्याची बायको' म्हटलं, की आई तडक वाचनालय गाठायची, खंड उघडायची आणि त्या ओळीवरून बोट फिरवायची. खंडात समोरच तिसऱ्या दिवशीचा अंक सुरू व्हायचा. त्या पानावर ती आपली पिशवी ठेवायची. ओळ वाचून झाली की पिशवीवरच खंड मिटायची, मग ती ओढून काढायची, आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागायची.

बोट फिरून फिरून त्या ओळीपाशी कागद भोक पडायला आला होता. म्हणून तर आईला आता स्वच्छ प्रत मिळणार, याचा ग्रंथपालबाईंना कोण आनंद झाला होता. तारीख जुळत होती. कचेरीचा खंड उघडून बघावा असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

"घाल तारीख," आई म्हणाली.

मंचावरच्या माणसाएवढ्या उंच पडद्यावर अंक उमटला. टाळ्या पडल्या. ग्रंथपालबाईंनी शेवटचं पान काढलं.

आईनं चष्मा वरखाली केला. "हे नाही माझं पान. इथं नुसत्या सिनेमाच्या जाहिराती आहेत."

"तारीख तीच आहे, आई."

"मला नको सांगूस. त्या पानाबरोबर म्हातारी झालेय मी."

बाईंनी पुन्हा तारीख घातली. पहिलं पान पाहिलं, आतली पाहिली, परत शेवटच्या पानावर आल्या. पुलाचं उद्घाटन होतं, बाजारभाव होते, कोडं होतं. आग कुठंच नव्हती.

पहिल्या रांगेतले वर्तमानपत्राचे म्हातारे मालक उठून मंचावर आले. पडद्याला नाक लावून त्यांनी पाहिलं आणि जुना मित्र भेटावा तसे खुलले. "अहो, ही डाक आवृत्ती! बाहेरगावच्या गाडीला द्यायला म्हणून आम्ही आदल्या दिवशी दिवेलागणीलाच छापून मोकळे व्हायचो. कचेरीत तीच लावून ठेवायची पद्धत. रात्रीची आग हिच्यात कुठून येणार? ती शहर आवृत्तीत."

"मग शहर आवृत्ती कुठं मिळेल?"

"कुठं म्हणजे?" मालकांना प्रश्नच कळेना. "शहरात वाटायचो ती. तुमच्या वाचनालयात, यांच्या कॉलेजात, तीच तर यायची."

दोन्हीकडचे खंड एकाच ट्रकातून रद्दीत गेले होते. तो ट्रक ग्रंथपालबाईंनी स्वतः उभं राहून भरून घेतला होता, वर हमालांना चहा पाजला होता. आईकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"किरकोळ तांत्रिक अडचण आहे," प्राचार्यांनी माइक पुन्हा हस्तगत केला. "पण तीन संस्थांची ही एकजूट..."

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पडद्यापाशी गेली. डावीकडून दुसरा रकाना, तळापासून जरा वर. जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. तिथं तिनं बोट टेकवलं आणि ओळीवरून फिरवायची तसं हळूच फिरवलं.

पडदा बोटाच्या इशाऱ्यावर चालणारा होता. जाहिराती सरकन बाजूला गेल्या आणि पुढच्या दिवसाचा अंक समोर आला. पहिल्याच पानावर ठसठशीत मथळा होता : 'आगीस बॉयलरवरील कामगार जबाबदार. जागा सोडून पळाल्याचा कंपनीचा खुलासा.' खाली वडिलांचं नाव आणि फोटो.

मागच्या रांगांना वाटलं, आजींचं पान सापडलं. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या.

"बघा, काय स्वच्छ आलंय!" मालक म्हणाले. "अक्षर न् अक्षर लागतंय."

आईनं खांद्यावरची पिशवी काढली, दोन्ही हातांनी उचलली आणि पडद्यावर धरली. मथळा पिशवीच्या दोन्ही बाजूंनी दिसत राहिला.