देवीपुरतं गाऱ्हाणं

मृणालीच्या ओजसला फिट येते, हे शाळेला ठाऊक होतं. आता डॉक्टरांनी ऑटिझमही सांगितला. "शाळेला एक सांगितलंय तेवढं पुरे," नवरा म्हणाला आणि मृणालीने मान डोलावली. देवीपासून मात्र लपवून चालत नाही, म्हणून तिने गुरवांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

गुरवांनी भरल्या देवळात खणखणीत आवाज लावला, "पोराला फिट हायच, आता ऑटिझम पन निघालाय, सांभाळ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. त्या गर्दीत ओजसच्या वर्गाच्या बाईही होत्या.

बाहेर येऊन त्या हळूच म्हणाल्या, "शाळेची घंटा झाली की कान झाकतो, म्हणून वर्षभर ओरडले मी त्याला. मला सांगायचंत हो."

मृणाली चपला शोधू लागली. तेवढ्यात कुणीतरी देवळातली घंटा वाजवली. शेजारी उभ्या ओजसने हात कानांकडे नेले, बाईंना पाहिलं आणि निमूट खाली घेतले.