पाणबुडीचा तोल

आमचा रूपेश मुंबईहून सुट्टीवर येतो आणि घरच्या माणसांशी दोन शब्द बोलायचं सोडून पाण्याच्या टाकीत डोकं घालून बसतो. रिमोटवर चालणारी हातभर लांब पाणबुडी त्याने स्वतः बनवली आहे. तिचं तोंड खाली गेलं की शेपटाला शिसं चिकटवायचं, शेपूट बसलं की ते काढून थर्माकोल लावायचा. जेवायला हाक मारली तर म्हणे, "थांब गो आये, तोल बिघडेल." जशी काही भाताचा वास लागून ती कलंडणार होती.

रविवारी भाट्याच्या खाडीवर असल्या बोटींची स्पर्धा होती. पाणबुडीने बुडी मारून पलीकडे वर निघायचं, नाहीतर बाद. रूपेशचे सासरेही मुद्दाम बघायला आले होते. पाण्यात सोडली, तर ती बदकासारखी वरच तरंगत राहिली. हा बटणं दाबून दाबून घामाघूम झाला, पण बाईसाहेब काही खाली जाईनात.

घरी येताना तो तोंड पाडून म्हणाला, "टाकीत गोडं पाणी होतं, आये. खारं पाणी जास्त उचलून धरतं. दर्यावर जन्मलो आणि तेच विसरलो. अजून शिसं घालायला हवं होतं."



मी म्हटलं, "शिशाला नि मिठाला कशाला दोष देतोस? आपल्या घरची होडी पहिल्यांदा दर्यात उतरायची, म्हणून सकाळीच मी तिला कुंकू लावलं आणि 'हिला बुडू देऊ नकोस' म्हणून दर्याला नारळ दिला. तुला बुडवायचीच होती, तर मला आधी सांगायचं होतंस."