जाकिटाचं माप

सकाळी पावणेसातला हॉटेलच्या युनिफॉर्मच्या खोलीत स्वागतकक्षातले चौघे ओळीने उभे होते. मॅनेजरबाई नखं, केस, कॉलर बघत एकेकापुढून सरकत होत्या. मोज्यांच्या काळ्या रंगातही दोन काळे असतात, हा शोध त्या हॉटेलात त्यांनीच लावला होता.

शेवटच्या मुलीपाशी त्या थांबल्या. तिच्या जाकिटाचं खालचं बटण उघडं होतं. लावा म्हणाल्या. मुलीने श्वास ओढून बटण लावलं. श्वास सोडला तसं ते सुटलं.

तिला नोकरीत कायम व्हायला अकरा दिवस उरले होते. तिच्या आधी त्या जागेवर असलेल्या मुलीला दिवस गेल्याचं कळताच 'विश्रांती घ्या, बोलावू' असं पत्र मिळालं होतं. ते याच बाईंनी तिच्या हातात ठेवलं होतं. वर्ष झालं, बोलावणं अजून वाटेतच आहे.

खोलीच्या कोपऱ्यात मशीनवर म्हातारे टेलरमास्तर बसले होते. हे जाकीट त्यांनी दोनदा उसवून सैल केलं होतं. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली होती, कँटीनचं जेवण अंगी लागलंय. मास्तर चार मुलींचे बाप; कँटीनच्या जेवणाने अंग कुठे भरतं हे त्यांना ठाऊक होतं. पण तोंडात टाचण्या धरल्या की माणसाला बोलावं लागत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरंच. पण आणखी अकरा दिवस झाकायला त्यांची हरकत नव्हती. आता मात्र शिवणीतली मायाही संपली होती.

बाईंनी मापांची वही उघडली. कंबर दोन इंचांहून जास्त वाढली तर कारणासकट वर कळवायचं, असा नियम होता.

"इथे अठ्ठावीस आहे," त्या म्हणाल्या. "मास्तर, माप घ्या."

मास्तरांनी टेप गुंडाळली. आकडा बत्तीसच्या पुढे गेला होता.

"एकोणतीस," मास्तर म्हणाले.

बाकीचे तिघे आपापल्या बुटांकडे बघू लागले. बाई पुढे झाल्या, वाकल्या आणि टेपवरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला. चांगला वेळ घेऊन वाचला. मास्तरांना भीती वाटत होती. सव्वीस वर्षांची नोकरी होती. तरी त्यांनी चिमटी सोडली नाही, की आकडा झाकायला टेपवर बोटही ठेवलं नाही.

बाईंनी वहीत लिहिलं, एकोणतीस. खाली सही केली.

"जाकीट धुण्यात आटलंय," त्या म्हणाल्या. "नवीन शिवा. सैल."

मग वही मिटून त्यांनी मुलीला पुन्हा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, बुटांवर धूळ आहे.

मुलगी घाईने पुसायला वाकू लागली.

"वाकू नकोस," बाई म्हणाल्या. "बसून पूस."