पाठीवरची खिडकी

वॉर्डात सिस्टर फिलोमिना डाबरेंनी वृंदा सोमणचा हात उलटा करून विचारलं, "ताई, खिडकी कुठाय?"

खिडकी म्हणजे मनगटावरची रुपयाएवढी जागा. तिथे क्रीम लावायचं नाही, असं डबीवरच छापलेलं असतं. क्रीममधल्या, कोरियातल्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या ब्राह्मीच्या पेशी एकदा मुरल्या की कातडी पुन्हा लाल होत नाही. डास चावला तरी नाही, औषध सोसतं का हे बघायला सुई टोचली तरी नाही.

"तेवढाच लाल चट्टा दिसायचा हो," वृंदा ओशाळून म्हणाली. "लहानपणापासून नाजूक त्वचा माझी. शेवटी तिथंही लावलं."

"छान केलंत! आता हे औषध तुम्हाला सोसत नाही, हे कधी कळायचं? श्वास अडकल्यावर?"

वृंदाला पुन्हा खोकल्याची उबळ आली. न्यूमोनिया वाट बघणारा नव्हता, औषध आजच सुरू करायला हवं होतं.

"पाठीला क्रीम कोण लावून देतं?" सिस्टरांनी अचानक विचारलं.

"कोण लावणार? एकटीच राहते मी."

सिस्टरांनी तिला कुशीवर वळवलं. दोन्ही खांद्यांच्या मधे, स्वतःचा हात पोचत नाही तिथे, क्रीम न लागलेली थोडी खरखरीत कातडी शिल्लक होती. त्यांनी तिथे औषधाची सुई टोचली. थोड्याच वेळात लालभडक गांधी उठली.

"हे औषध रद्द. डॉक्टरांना दुसरं लिहायला सांगते," सिस्टर सुस्कारा टाकून म्हणाल्या.

वृंदा उशीत तोंड खुपसून पडली होती. "सिस्टर, कित्येक वर्षांनी खाजतंय. जरा खाजवता का?"

"खाजवायचं नसतं," सिस्टर म्हणाल्या, आणि आपला गार तळहात तिच्या पाठीवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.