एका रेघेचं गणित

पडद्यावरचे दोन झुबके काही केल्या जुळेनात. प्राध्यापक केदारनाथांनी माजलगावच्या नेट कॅफेत बसून पुन्हा एकदा सगळं तपासलं. ठिपका म्हणजे त्यांच्या गावातलं एक पोरगं, रेघ म्हणजे ऑर्कुटवरची मैत्री. सूत्र त्यांचं स्वतःचं होतं आणि देखणं होतं. नवा माणूस आधी ज्याचे मित्र जास्त त्याला चिकटतो, मग मित्रांच्या मित्रांना, आणि बघता बघता अख्खं गाव एका जाळ्यात येतं. गावानं मात्र सूत्र वाचलेलं नव्हतं. बाजारपेठेकडची पोरं एका झुबक्यात, भीमनगरची दुसऱ्यात. मधे एक रेघ नाही.

पुण्याच्या गाईडनी फोनवर सरळ सांगितलं होतं, "ही फट का पडते ते दाखवा, नाहीतर प्रबंध परत येईल." प्रबंध परत आला की पीएच.डी. गेली, आणि तिच्या मागोमाग नोकरी कायम व्हायची आशाही. म्हणून केदारनाथ पावसाळाभर कारणं शोधत होते. सूत्रात भारनियमनाच्या वेळा घातल्या. मोबाईलच्या टॉवरची उंची घातली. शेवटी दोन वस्त्यांमधल्या ओढ्याची रुंदी घातली, तीही टेप लावून मोजलेली.

"ओढ्याला उन्हाळ्यात पाणी नसतंय बे," मागून सौरभ म्हणाला. सौरभ त्यांच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. भीमनगरात वाढलेला, एम.एस्सी.पासूनचा केदारनाथांचा दोस्त. "आन् इंटरनेट काय पोहत जातंय व्हय?"

"मग कारण काय म्हणतोस?"

"ते तुलाबी ठावं हाय. ऱ्हाऊ दे. जुळायला किती रेघा लागतील, ते सांग."

"एकच. पण ज्याला लई मित्र हाईत त्याच्यापासून निघाली पायजे. बाकीचे मग आपोआप येतात. गणितच हाय ते."

सगळ्यात जास्त मित्रांचा ठिपका कोणता, हे दोघांनाही माहीत होतं. चन्नप्पा शेटजींचा मुलगा, गावातला पहिला प्राध्यापक. त्या पडद्यासमोरच बसलेला, खुद्द केदारनाथ.

सौरभनं शेजारच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी काहीतरी बडवलं आणि उठला. "घे. आता निसतं हो म्हण, झालास तू डॉक्टर. मी चहा आणतो."

पडद्यावर ओळ उमटली. सौरभला तुमच्याशी मैत्री करायची आहे. खाली दोन बटणं, होय आणि नाही.

केदारनाथांनी हिशेब मांडला. गडी तसा जिवाचा. स्टाफरूममध्ये रोज शेजारी बसतो. पण स्टाफरूममध्ये सोयरेधायरे डोकावत नाहीत. इथं नाव आणि फोटो सगळ्यांना दिसणार. लातूरचा मावसभाऊ बघणार. बहिणीच्या, ईश्वरीच्या सोयरिकीचं बोलणं चाललेलं, ती माणसं तर चष्मा पुसून बघणार. आणि मग केदारनाथांना एकदम शास्त्र आठवलं. संशोधकानं स्वतःच्या आकड्यांत हात घालू नये! केवढा थोर नियम. त्या नियमाचा मान राखून त्यांनी 'नाही' दाबलं.

सौरभ दोन कप घेऊन आला. "आलं का?"

"न्हाई बे. नेट गेलं."

भोवतीच्या कॉम्प्युटरवर पोरं खिदळत चॅटिंग करत होती. सौरभनं त्यांच्याकडं बघितलं, मग केदारनाथांकडं.

"हां," तो म्हणाला, "ऐन टायमाला जातंय खरं ते." आणि स्वतःचा चहा तसाच ठेवून निघून गेला.

केदारनाथांनी सूत्रातून ओढा काढला, टॉवर काढला, भारनियमन काढलं. त्या जागी एकच अक्षर ठेवलं. काळ बदलो, यंत्रं बदलोत, न बदलणारा एक स्थिरांक. स्थिरांकाला कारण विचारायची पद्धत नसते. सूत्र आणि गाव तंतोतंत जुळली.

प्रबंध वाचून गाईडनी स्वतःहून फोन केला. "जाळं दुभंगलेलं ठेवणारी गोष्ट अशी नेमकी कुणी पकडलीच नव्हती हो! प्रबंध मंजूर. आणि तिला नावही तुमचंच देतोय. केदारनाथ स्थिरांक."