अंबूआत्याची शुद्ध आवृत्ती

"आम्ही बरेच जण आहोत, बाई. शहरभर आहोत. पण बोलायला कुणी पुढं येत नाही, म्हणून मी आलो," असं म्हणून उदयसिंहांनी प्रकाशनाच्या कचेरीत पूर्णिमाच्या टेबलावर पुस्तक ठेवलं. पांढरा सदरा, सावकाश बोलणं, 'ळ'सुद्धा हळुवार.

पूर्णिमानं पुस्तक ओळखलं. तिनंच संपादित केलेलं होतं. 'अंबूआत्याच्या शोधकथा', भाग सातवा : शिरोलीच्या बंद फौंड्रीचं रहस्य. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा होत्या, कागदाला दुखू नये अशा बेतानं मारलेल्या.

"आपण पालक का?"

"मी ऐकणारा. मुलं हे मोठ्यानं वाचतात हो, रोज तिन्हीसांजेला. 'आयला' काय, 'भाड्या' काय... आणि हे 'मुडद्या' तर फारच व्यक्तिगत आहे."

शेजारच्या खुर्चीत मालिकेचे लेखक सोमलिंग मगदूम पान जमवत बसले होते. नेसरीचे निवृत्त मास्तर. त्यांनी मान वर केली.

"पावणं, आमच्या अंबूआत्यानं सात पुस्तकांत एका तरी माणसाला शिवी दिलीया काय? दावा की."

उदयसिंहांनी पानं चाळली आणि पुस्तक मिटलं.

"अंधारातनं जाताना देती. बंद खोलीत शिरताना देती. म्हातारीनं तेवढं बी बोलायचं न्हाय म्हंजे..." असं म्हणून सोमलिंगांनी स्वतःच एक अशी हाणली, की बाहेर पोस्टर चिकटवणारा माणूस कौतुकानं आत डोकावला.

उदयसिंह पांढरे पडले. "क्षमा करा," म्हणत ते जिन्यापर्यंत मागे सरकले आणि तिथूनच नमस्कार करून गेले.

पूर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोल्हापुरात शिवी विरामचिन्हासारखी वापरतात. स्वल्पविरामाला 'आयला' आणि पूर्णविरामाला त्याच्या पुढचं. अशा गावात एका शब्दानं घायाळ होणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

शिवाय तिला घरचं जिव्हारी लागलेलं होतं. नवरा वारणानगरला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात ती आणि दहा वर्षांची प्रेरणा. नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून पोरगी मागच्या खोलीत पाऊल टाकायची नाही.

"कपाटाजवळ कोणतरी हाय," एवढंच म्हणायची.

पूर्णिमानं कपाट हलवलं.

"आता त्यो खिडकीजवळ गेलाय," प्रेरणा म्हणाली.

तिन्हीसांज झाली की पोरगी त्या खोलीच्या दारात उभी राहून अंबूआत्या वाचायची. शिवी आली की आवाज चढवायची. शिवी धोंड्यासारखी आत जाऊन पडायची. मग मुकाट जेवायची आणि झोपायची. एखाद्या दिवशी वाचन चुकलं, तर रात्रभर आईचा पदर सोडायची नाही.

शाळेतल्या बाईंनी पूर्णिमाला बोलावून घेतलं. "असली भुताखेतांची पुस्तकं वाचते म्हणून घाबरते. आणि वर तोंड ऐका तिचं!"

पूर्णिमाला पटलं. भीती पुस्तकातून येते, पुस्तक स्वच्छ केलं की पोरगी शांत झोपेल. एम.ए.ला बालसाहित्य घेतलेल्या बाईला न पटायला काय झालं?

तिनं सोमलिंगांना फोन लावला. "मास्तर, शिव्या काढू या. रहस्य तेवढंच राहील."

"ऱ्हाईल की. बाई, एक सांगा. लाइट गेल्यावर तुमी काय म्हणता?"

"काही नाही. मेणबत्ती लावते."

"आयला!" सोमलिंगांना खरोखरच नवल वाटलं. "आन् अजून धडधाकट हाईसा?" "काढा. हक्क तुमच्याकडं हाईत, मी कोण अडवणार? पर कव्हरवरनं माझं नाव बी काढा."

शुद्ध आवृत्ती निघाली. 'आयला'चं 'अरेच्चा' झालं, 'भाड्या'चा 'गृहस्था' झाला. 'मुडद्या, हो बाजूला' या अंबूआत्याच्या ठेवणीतल्या वाक्याचं 'महोदय, कृपया बाजूला व्हावे' झालं. हे वाक्य सुचलं तेव्हा पूर्णिमानं स्वतःलाच चहा सांगितला.

उदयसिंह पुन्हा आले. या खेपेला खुर्चीत निवांत बसले. शेवटच्या पानापर्यंत वाचून त्यांनी पुस्तक मिटलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"आम्हा सगळ्यांवर उपकार केलेत. फक्त जुन्या प्रती घरात ठेवू नका. मुलं लपवून वाचतात."

त्याच दिवशी पूर्णिमानं जुने भाग रद्दीवाल्याला दिले. प्रेरणा दारात आडवी झाली, रडली, हातापाया पडली. "आई, एक तरी ठेव की गं!"

"नवं बघ किती छान आहे. गुळगुळीत कागद."

तिन्हीसांजेला पूर्णिमानं बाहेरच्या दाराला कडी घातली आणि गॅसवर तवा ठेवला. मागच्या खोलीच्या दारातून प्रेरणाचा आवाज येत होता. अडखळत का होईना, वाचत होती. पूर्णिमानं समाधानानं पहिली पोळी लाटायला घेतली.

"अंबूआत्या फौंड्रीत शिरली. कोपऱ्यात कोणीतरी उभे होते. अंबूआत्या म्हणाली, महोदय, कृपया बाजूला व्हावे."

प्रेरणा थांबली.

"आई," ती बारीक आवाजात म्हणाली, "ह्यानं काय हुईत न्हाय."

"होईल गं. सवय नाही अजून. वाच पुन्हा."

प्रेरणानं पुन्हा वाचलं. आवाज चढवून वाचलं. "महोदय, कृपया बाजूला व्हावे!"

"किती गोड वाचतेस," मागच्या खोलीतून उदयसिंह म्हणाले. "आता दिवा मालव, बाळ."