हातचा एक

सगळ्या बेरजा चुकल्या होत्या आणि चूक एकाच जागी होती. अडतीस अधिक चौदा, उत्तर बेचाळीस.

"अगं ठमाबाई, हातचा एक दशकाच्या डोक्यावर इतका सुबक लिहितेस आणि मिळवायला विसरतेस?" मावशीने कपाळाला हात लावला.

"विसरत नाही," भाची पाटीकडे बघत म्हणाली. "तो एककाच्या घरातला आहे ना? तिथे गर्दी झाली म्हणून इकडे पाठवला. मग इथल्यांत कसा धरायचा?"

मावशीने पाटी बाजूला ठेवली. धाकट्या बहिणीला जुळं झालं, तेव्हा 'थोडे दिवस' म्हणून तिनेच या पोरीला आपल्याकडे आणलं होतं. पोर शहाण्यासारखी वागते, कसला हट्ट म्हणून करत नाही, याचं तिला केवढं कौतुक होतं!

तिने पोरीला जवळ ओढलं. "हे बघ, ज्या घरात आला, त्या घरातला झाला. त्याला तर सगळ्यात आधी धरायचं. तो सुटला की अख्ख्या घराचं गणित चुकतं."

रात्री जेवायची वेळ झाली. रोज ही पोर तीन ताटं मांडायची आणि कुणी बस म्हणेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायची. आज मावशीने आमटी ढवळता ढवळता कान दिला. ताटं मांडताना पोर पुटपुटत होती,

"हातचा एक, मावशी दोन, काका तीन, दादा चार."